आईस टी घरी कसा करायचा? तो गढूळ का होतो, साखर किती लागते आणि बर्फ कुठला घ्यायचा?

एप्रिल-मे महिना. शेजारच्या मालेगावचा पारा ४० च्या वर गेल्याच्या बातम्या सुरू झालेल्या असतात. देवळा तालुक्यात शेताशेतात उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, उमराण्याच्या बाजार समितीकडे ट्रॅक्टर निघालेले असतात. आणि घरात मात्र दुपारी चारला नेहमीप्रमाणे गॅसवर चहाचं पातेलं चढतंच. ऊन असो की पाऊस, चहा सुटत नाही. पण ४० अंशांत उकळता चहा नको वाटतो, तेव्हा आठवतो तो रील्समध्ये दिसणारा गोड, गार, लिंबू टाकलेला आईस टी.

दिसायला सोपा. चहा करायचा, साखर टाकायची, बर्फ टाकायचा. प्रत्यक्षात पहिल्यांदा करताना बहुतेकांचं काय होतं? चहा कडू होतो, ग्लासात गढूळ दिसतो, साखर तळाशी बसते आणि मग गोडी लागावी म्हणून आणखी दोन चमचे साखर पडते. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी महागडी पानं, सिरप किंवा कॅफेतलं मशीन लागत नाही. किराणा दुकानातली रोजची चहा पावडर पुरते. फक्त त्यात नेमकं काय घडतं हे एकदा समजून घ्यावं लागतं.

थोडक्यात सांगायचं तर

– चहा उकळायचा नाही, उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटं झाकून ठेवायचा.
– साखर चहा गरम असतानाच विरघळवायची.
– गरम चहा थेट फ्रिजमध्ये किंवा बर्फावर नाही, आधी साध्या तापमानाला येऊ द्यायचा.
– बर्फ घरच्या पिण्याच्या पाण्याचा.
– १ लिटरला ४० ग्रॅम साखर पुरे. म्हणजे ग्लासाला १० ग्रॅम.

आता एकेक गोष्ट सविस्तर बघू.

आईस टी आला कुठून?

सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रिचर्ड ब्लेशिंडेन नावाचे गृहस्थ भारतातल्या चहाचा प्रचार करत होते. उकाड्यामुळे गरम चहा कुणी घेईना, म्हणून त्यांनी तो बर्फातून गार करून दिला आणि आईस टी जन्माला आला.

गोष्ट छान आहे, पण शोध काही तिथे लागला नाही. त्याच्या २५ वर्षं आधी, १८७९ साली, मॅरियन कॅबेल टायरी यांच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती छापलेली आहे. तीही काळ्या चहाची नाही, ग्रीन टीची. सकाळी चहा करून ठेवायचा, जेवणाच्या वेळी बर्फ भरलेल्या पेल्यात ओतायचा, वर लिंबू पिळायचं. साखर किती? पेल्याला दोन चमचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. १९०४ च्या प्रदर्शनाने आईस टी लोकप्रिय व्हायला हातभार लावला, एवढं म्हणता येईल.

पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोड आईस टी म्हणजे 'स्वीट टी' इतका रुजला की २००३ मध्ये जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळात, आईस टी विकणाऱ्या प्रत्येक रेस्टॉरंटने गोड आईस टीही ठेवलाच पाहिजे, असं विधेयक मांडलं गेलं. अर्थात ते एप्रिल फूलच्या गमतीने मांडलेलं होतं.

आपल्याकडे अडचण चहाची नव्हती, बर्फाची होती. फ्रिज यायच्या आधी मुंबईत बर्फ यायचा तो थेट अमेरिकेतून, जहाजाने. १८३३ साली असा बर्फ कलकत्त्याला पोहोचला आणि त्यानंतर लगेचच, १८३४ मध्ये, मुंबईला. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी त्या काळच्या गुजराती पत्रात आली होती. आज देवळ्यातल्या कुठल्याही फ्रिजच्या ट्रेमध्ये रात्रभरात तयार होणारी वस्तू तेव्हा एवढी अप्रूपाची होती.

आपली चहा पावडर चालते का?

चालते, पण ती वेगळी आहे हे माहीत हवं.

आपल्या घरात येणारी दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी चहा. पानं रोलरमध्ये चिरडून, फाडून, गोल वळवून हे दाणे बनवतात. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी ही पद्धत आणली. दाणा बारीक, त्यामुळे रंग आणि कडकपणा झटपट उतरतो. दूध घालून उकळायच्या चहाला हेच हवं असतं, कारण दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात.

आईस टीमध्ये दूध नसतं. त्यामुळे नेहमीसारखी पावडर पाच मिनिटं खळाखळा उकळली की सगळा तुरटपणा थेट जिभेवर येतो. म्हणून सीटीसी वापरताना दोन नियम पाळायचे. पावडर कमी आणि वेळ कमी. १ लिटरला सपाट ४ चमचे, म्हणजे साधारण ८ ग्रॅम, पुरे होतात. गाळताना गाळणीतला चोथा चमच्याने दाबायचा नाही. त्या शेवटच्या थेंबांतच सगळा कडूपणा असतो.

मोठ्या पानांचा चहा मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी मुद्दाम नाशिकला जायची गरज नाही.

पद्धत १: गरम पाण्याची (पाऊण ते एक तास)

साहित्य, चार ग्लासांसाठी: पाणी ८०० मिली, चहा पावडर ४ सपाट चमचे, साखर १० सपाट चमचे (४० ग्रॅम), दोन मध्यम लिंबांचा रस, पुदिन्याची ७-८ पानं, बर्फ साधारण २०० ग्रॅम.

१. ५०० मिली पाणी उकळा. उकळी आली की गॅस बंद करा.
२. चहा पावडर टाका, झाकण ठेवा. घड्याळ लावून ३ मिनिटं थांबा. कडक आवडत असेल तर ४. त्याहून जास्त नाही.
३. गाळून घ्या. लगेच साखर टाका आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.
४. उरलेलं ३०० मिली साधं पिण्याचं पाणी त्यात मिसळा.
५. झाकून बाजूला ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात चहा साध्या तापमानाला येतो.
६. आता लिंबाचा रस घाला. ग्लासात पुदिना हाताने जरा चुरडून टाका, बर्फ घाला आणि चहा ओता.

लिंबू टाकताच चहाचा रंग एकदम फिका, सोनेरी होतो. चहा पातळ झाला असं वाटून घाबरायचं कारण नाही. चहाला तांबूस रंग देणारे घटक आंबट पदार्थ मिळताच रंग बदलतात, एवढंच ते आहे. कडकपणा तेवढाच असतो.

बर्फ वितळून चहा पाणचट होतो अशी तक्रार असेल तर एक सोपी युक्ती आहे. थोडा चहा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याचाच बर्फ करायचा. तो वितळला तरी ग्लासात चहाच येतो.

पद्धत २: थंड पाण्याची (रात्री ठेवा, सकाळी गाळा)

उकळून गार केलेलं १ लिटर पाणी झाकणाच्या स्वच्छ बाटलीत किंवा बरणीत घ्या. ४ चमचे चहा पावडर स्वच्छ सुती कापडाच्या पुरचुंडीत सैल बांधून त्यात सोडा आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. सीटीसी असेल तर ३-४ तासांत चहा तयार होतो, मोठी पानं असतील तर ६ ते ८ तास लागतात. पुरचुंडी काढून टाका.

हा चहा कमी तुरट लागतो, कारण थंड पाण्यात तुरटपणा देणारे घटक आणि कॅफिन सावकाश उतरतात. आणि तो गढूळही होत नाही.

यात साखर मात्र थेट टाकायची नाही, पाक करून टाकायची. १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी गॅसवर ठेवा, साखर विरघळली की उतरवा. तार वगैरे बघायची गरज नाही. हा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) सुमारे ९ ग्रॅम साखर असते. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या ग्लासात किती साखर गेली हे नेमकं कळतं.

चहा गढूळ का होतो?

हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. गरम असताना काचेसारखा स्वच्छ दिसणारा चहा फ्रिजमधून काढला की मातकट दिसतो. खराब झाला का? नाही.

चहातलं कॅफिन आणि रंग-तुरटपणा देणारे पॉलिफेनॉल गरम पाण्यात सुटे असतात. पाणी थंड झालं की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि प्रकाश त्यांवरून विखुरतो. चहा जितका कडक आणि जितका झटकन थंड केलेला, तितका गढूळ. म्हणूनच वर साध्या तापमानाला येऊ द्यायला सांगितलं आहे. गढूळ झालाच तर थोडं कढत पाणी मिसळून ढवळा, बराचसा निवळतो.

दुसरं कारण पाणी. तुमच्या घरी बोअरचं पाणी येत असेल आणि पातेल्याच्या कडेला पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम चहातल्या घटकांशी संयोग पावतं, वर पातळ साय आल्यासारखा तवंग येतो आणि चव बोथट होते. अशा वेळी आईस टीपुरतं तरी फिल्टरचं पाणी वापरा. नसेल तर पाणी आधी उकळून, गार करून, तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या.

काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. अमेरिकेच्या दक्षिणेतली ही जुनी युक्ती आहे. त्याने तुरटपणा कमी होतो आणि रंग गडद होतो, पण चिमूट जरा मोठी झाली तर साबणासारखी चव येते. पावडर आणि वेळ नीट मोजला तर सोड्याची गरज पडत नाही.

साखर किती? इथेच खरी गंमत आहे

थंड पाण्यात साखर विरघळत नाही, असं म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळू शकते, आणि शून्य अंशाला सुद्धा सुमारे १८०. म्हणजे जागा भरपूर आहे, वेग नाही. बर्फाच्या पाण्यात साखर इतकी सावकाश विरघळते की तोवर ग्लास संपतो आणि तळाशी साखरेचा थर उरतो. मग वरचा चहा अगोड लागतो म्हणून आणखी साखर पडते.

त्यात जीभही फसवते. गोड चव मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाची एक वाहिनी असते. ती उष्णतेला जास्त प्रतिसाद देते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. थंडीत ती मंदावते, त्यामुळे तीच साखर गार पेयात कमी गोड लागते. वितळलेलं आईस्क्रीम अति गोड का लागतं, याचंही उत्तर हेच. लिंबाचा आंबटपणा गोडी आणखी झाकतो. थोडक्यात, थंड पेयात किती साखर गेली याचा अंदाज जिभेवरून लावता येत नाही. ती मोजावीच लागते.

आता हिशेब बघा. अमेरिकेतल्या स्वीट टीच्या प्रचलित कृतीत अर्ध्या गॅलनला, म्हणजे साधारण १.९ लिटरला, एक कप साखर असते. एक कप म्हणजे २०० ग्रॅम. २५० मिलीच्या एका ग्लासात ती सुमारे २६ ग्रॅम होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार बाहेरून मिसळलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. म्हणजे त्या एका ग्लासातच दिवसाचा कोटा संपला. आणि आपल्या घरात तर सकाळचा, दुपारचा गोड चहा वेगळा असतोच.

म्हणून इथल्या कृतीत ग्लासाला १० ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखर धरली आहे. १८७९ च्या त्या पुस्तकातल्या दोन चमच्यांच्या अगदी जवळ. पहिल्या दिवशी कमी वाटेल, पण पुदिना आणि लिंबाची साल किसून टाकली तर वासामुळे पेय भरल्यासारखं लागतं.

गूळ किंवा मध घातला तर? चव छान येते, पण शरीराच्या हिशेबात तीही साखरच. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही पेयातून द्यायचा नाही.

बाजारातला बाटलीबंद आईस टी घेत असाल तर बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचा. साखरेचा आकडा बहुतेक वेळा १०० मिलीमागे दिलेला असतो. बाटली ३५० मिलीची असेल तर तो साडेतीनने गुणा.

कसमादेचा आईस टी: डाळिंब घालून

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या नावांतली पहिली अक्षरं जोडून या पट्ट्याला 'कसमादे' म्हणतात. कांद्याइतकाच हा पट्टा डाळिंबासाठी ओळखला जातो. मग पीच फ्लेवरचं सिरप कशाला शोधायचं?

एका मध्यम डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये फक्त दोन-तीन सेकंद फिरवा. जास्त फिरवलं तर बिया भरडल्या जातात आणि रस कडवट होतो. गाळून घ्या. पद्धत १ मधल्या चहात लिंबू निम्मं करून हा रस घाला आणि साखर १० ऐवजी ६ चमचे करा. रंग माणकासारखा येतो आणि बाहेरून टाकायची साखरही कमी लागते. हा चहा मात्र त्याच दिवशी संपवायचा.

या दोन चुका महागात पडू शकतात

पहिली चूक, उन्हात चहा करणं. 'सन टी' नावाने व्हिडिओ फिरतात. काचेच्या बरणीत पाणी आणि चहा घालून ती दिवसभर गच्चीवर ठेवायची. देवळ्याच्या उन्हात हे सहज जमेल असं वाटतं. पण उन्हात पाणी कोमट-गरम होतं, जंतू मरतील इतकं तापत नाही. ५ ते ६० अंश हा पट्टा जंतू वाढायला अनुकूल असतो आणि बरणी तासन् तास त्यातच राहते. पेय दोरीसारखं चिकट, बुळबुळीत झालं तर ते जंतूंचं काम, लगेच ओतून द्या. अर्थात वाईट झालेलं प्रत्येक पेय तसं दिसेलच असं नाही, त्यामुळे हा प्रकार टाळलेलाच बरा.

हाच मुद्दा थंड पाण्याच्या पद्धतीलाही लागू आहे. भारनियमनात फ्रिज तासन् तास बंद राहत असेल तर पद्धत २ करू नका, पद्धत १ करून त्या दिवशीच संपवा. फ्रिज नीट चालू असेल तरी लिंबू घातलेला चहा दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवू नये.

दुसरी चूक, बर्फाची लादी. कार्यक्रम असला की बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली जाते. पण सगळा बर्फ खाण्यासाठी नसतो. मासे, भाज्या किंवा बाटल्या गार ठेवण्यासाठीचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असं नाही. लोकांना फरक कळावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे. निळसर बर्फ दिसला तर तो बाटलीबाहेर ठेवायचा, ग्लासात नाही. बर्फ पांढरा असला तरी तो कुठल्या पाण्याचा आहे हे विचारून घ्या. बर्फात जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात.

चहा पावडर भेसळीची वाटते?

सुटी पावडर घेत असाल तर घरच्या घरी करता येण्यासारखी तपासणी आहे. पांढऱ्या गाळण कागदावर किंवा टिपकागदावर थोडी पावडर पसरा, पाणी शिंपडून ती ओली करा आणि काही वेळाने पावडर काढून नळाखाली कागद धुवा. उजेडात बघा. शुद्ध चहाचे हलके डाग पडतात, कृत्रिम रंग असेल तर गडद ओघळ उमटतात. लोखंडाच्या कणांसाठी पावडरीवरून लोहचुंबक फिरवून बघा.

कुणी जपून प्यावा?

चहातले पॉलिफेनॉल अन्नातलं लोह बांधून ठेवतात, त्यामुळे ते शरीराला कमी मिळतं. भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. हा नियम गार चहालाही तितकाच लागू. भाकरी-ठेच्यासोबत आईस टी दिसायला भारी, पण भाकरीतलं लोह वाया जातं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही चहासोबत घेऊ नका.

त्याच मार्गदर्शनात दिवसाला कॅफिनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे आणि १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे. लहान मुलं आणि गरोदर महिलांसाठी हात आखडता ठेवा. मधुमेह असेल तर साखरेशिवाय, फक्त लिंबू-पुदिना घालून घ्या.

आईस टी म्हणजे ओआरएस नाही

कांदा काढताना, शेतात दिवसभर घाम गाळताना शरीरातून पाण्यासोबत मीठही जातं. आईस टीमध्ये मीठ नाही, साखर जास्त आहे. तहान भागल्यासारखी वाटते, पण गेलेलं मीठ भरून येत नाही. शेतावर न्यायचं असेल तर आधी पाणी, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. उलट्या-जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाकीट. ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

कुणी उन्हात काम करताना बरळायला लागलं, अंग तापलेलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्या माणसाला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात चहा, सरबत, पाणी काहीच ओतायचं नाही.

आईस टीची खरी वेळ त्यानंतरची. काम संपलंय, ऊन उतरलंय, ओट्यावर चार माणसं बसलीत, अशा संध्याकाळी चार ग्लास भरा. साखर तेवढी चमच्याने मोजून.